पाचशेची अट आणि घरातला कामगार
(मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पदवीनंतरच्या शिक्षणाचा इतिहास : वडगाव-निपाणी परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

पदवी पूर्ण झाल्यानंतर सहा महिन्यांचा किंवा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून नोकरीची वाट मोकळी करावी, असा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या गेल्या दोन-तीन दशकांत वाढली आहे. अशा अभ्यासक्रमांत मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय विशेष लोकप्रिय आहे. भरती, प्रशिक्षण, वेतन, कामाचे मूल्यमापन, कामगार कायदे आणि औद्योगिक संबंध ही त्याची ठरलेली प्रकरणे होत. विषय व्यवसायाभिमुख आहे आणि कला शाखेच्या पदवीधरालाही तो घेता येतो. त्यामुळे लहान गावांतील महाविद्यालयांना तो सोयीचा वाटतो.

तथापि, या विषयाला एक इतिहास आहे आणि तो बहुधा शिकवला जात नाही. हा विषय कोणाच्या गरजेतून जन्मला, त्याने कोणाला कामगार मानले आणि कोणाला मानले नाही, हे प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या बाहेर राहतात. बेळगाव शहरातील वडगावचे विणकर आणि निपाणीच्या तंबाखू व विडी कामगार स्त्रिया यांच्या घरांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र हे प्रश्न दूरचे नाहीत. ज्या घरात आई विड्या वळते किंवा वडील मागावर बसतात, त्या घरातील मुलगी हा अभ्यासक्रम पूर्ण करते तेव्हा तिच्या पुस्तकात तिच्या घरातील श्रम कोठे असतात, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत कामाच्या जागेचा शब्दसंग्रह पाहिला तर तो या शास्त्राहून बराच जुना असल्याचे दिसते. ‘कारखाना’ हा शब्द फारसीतून आला. ‘हजेरी’, ‘बदली’, ‘रजा’, ‘मालक’ आणि ‘मुकादम’ या शब्दांचे मूळ अरबीत आहे. ‘मुकद्दम’ म्हणजे ज्याला पुढे केले आहे असा माणूस. ‘मजूर’ हा फारसी ‘मजदूर’चा मराठी अवतार असून त्याच्या पोटात ‘मुज्द’ म्हणजे मोबदला हा शब्द आहे. ‘कामगार’ या शब्दात तर मराठी ‘काम’ आणि फारसी ‘गार’ एकत्र नांदतात. ‘पगार’ पोर्तुगिजांकडून आला.

या सर्व शब्दांत माणूस, त्याचे काम आणि त्याचा मोबदला स्पष्ट दिसतो. त्या तुलनेत ‘मानव संसाधन’ आणि उर्दूतील ‘इन्सानी वसाइल’ हे दोन्ही शब्द इंग्रजी संज्ञेचे अलीकडचे अनुवाद आहेत. संसाधन म्हणजे साधन, वसीला म्हणजेही साधनच. मजूर या शब्दात मोबदल्याचा हक्क अंतर्भूत आहे, संसाधन या शब्दात तो नाही. हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. विषयाची दृष्टी कशी बदलत गेली, याची ती खूण आहे.

मुकादमाकडून अधिकाऱ्याकडे

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरतीची सूत्रे दीर्घकाळ जॉबर किंवा मुकादम यांच्या हाती होती. गावाकडून माणसे आणणे, त्यांना खात्यात लावणे, रजा देणे, कामावरून काढणे हे सर्व तोच करी. कामासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. मालकाला कामगारांची नावेही ठाऊक नसत.

या व्यवस्थेविरुद्धचा पहिला संघटित आवाज नारायण मेघाजी लोखंडे यांचा होता. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी काही काळ एका गिरणीत भांडारपालाची नोकरी केली होती, म्हणजे गिरणीचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या त्यातील मागण्या होत्या. १८९० मध्ये रविवारची सुटी मान्य झाली. आज मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘कामाच्या अटी’ या मथळ्याखाली जे शिकवले जाते, त्याची सुरुवात अशी कामगारांच्याच निवेदनातून झाली.

१९२९ मध्ये जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरची सत्ता कमी करण्यासाठी गिरण्यांनी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमावेत आणि भरती त्यांच्याकडे द्यावी, अशी शिफारस केली. १९३४ च्या मुंबई कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात जाईपर्यंत तो मुंबईच्याच कारभाराखाली राहिला. म्हणून या परिसराच्या कामगार प्रशासनाचा पूर्वेतिहास मुंबईशी जोडलेला आहे.

अधिकारी नेमायचा तर त्याला शिक्षण हवे. १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाडा या गजबजलेल्या वस्तीत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची ही सुरुवात होती आणि पदवीधरांना तेथे दोन वर्षांची पदविका दिली जाई. १९४४ मध्ये संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. १९४७ मध्ये मुंबई सरकारची कामगार संस्था स्थापन झाली. आज ती लोखंडे यांच्याच नावाने ओळखली जाते. १९४९ मध्ये जमशेदपूर येथे जेझुइट धर्मगुरूंनी झेवियर कामगार संबंध संस्था काढली. या तीनही संस्थांचा भर प्रारंभी ‘कामगार’ आणि ‘कल्याण’ या दोन शब्दांवर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमधील इतिहासही फार वेगळा नव्हता. १९१३ मध्ये यॉर्क येथे कल्याणाचे काम करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली. तिच्यात स्त्रियांचा मोठा सहभाग होता. तीच पुढे नावे बदलत कर्मचारी व्यवस्थापनाची प्रमुख व्यावसायिक संस्था झाली. कल्याणाकडून व्यवस्थापनाकडे हा प्रवास दोन्ही देशांत घडला.

पाचशेची अट

या शिक्षणाला खरी बाजारपेठ दिली ती कायद्याने. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ४९ नुसार ज्या कारखान्यात ५०० किंवा अधिक कामगार असतील तेथे कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. अधिकाऱ्याची पात्रता राज्य सरकारांनी नियमांनी ठरवली. परिणामी विद्यापीठे व संस्था यांच्या पदविकांना मागणी आली. पदवीनंतरचे हे शिक्षण नोकरीशी थेट बांधले गेले ते येथे.

परंतु या कलमाने आणखी एक गोष्ट केली. कोणाची काळजी घेण्यासाठी शिक्षित माणूस नेमायचा, हे डोकी मोजून ठरले, आणि डोकी मोजायची तर ती एका छपराखाली हवीत. मुळात ‘कारखाना’ ठरण्यासाठीच विजेचा वापर असेल तर १० आणि नसेल तर २० कामगार लागत. ज्या उद्योगात काम घराघरांत वाटले जाते तेथे हा हिशेब लागूच पडत नव्हता.

शासनाला हे कामगार ठाऊक नव्हते असे मात्र नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४४ मध्ये, डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार अन्वेषण समिती नेमली गेली. या समितीने १९४६ मध्ये विडी, सिगार व सिगारेट उद्योगांतील कामगारांच्या स्थितीवर स्वतंत्र अहवाल दिला. म्हणजे कारखाने अधिनियमाच्या दोन वर्षे आधी विडी कामगाराची स्थिती सरकारच्या टेबलावर होती. तरी त्याच्यासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा होण्यास १९६६ साल उजाडावे लागले.

अधिकाऱ्याच्या पदातही एक अंतर्विरोध होता. पगार मालकाचा आणि जबाबदारी कामगारांची, अशी त्याची अवस्था झाली. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय कामगार आयोगाने १९६९ च्या अहवालात या प्रश्नाची दखल घेतली आणि कल्याण अधिकाऱ्याला व्यवस्थापनाच्या वतीने कामगार तंटे हाताळायला लावू नये, असे मत दिले. आजही हा विषय शिकवताना शिक्षकाला याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. आपण विद्यार्थ्याला कोणाच्या बाजूने उभे राहायला शिकवत आहोत?

कल्याणातून संसाधनाकडे

१९७० नंतर विषयाचे नाव आणि स्वभाव बदलू लागला. १९७५ च्या सुमारास लार्सन अँड टुब्रो या कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोन अभ्यासकांच्या सल्ल्याने मनुष्यबळ विकासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. भारतातील अशा विभागांची ती सुरुवात मानली जाते. १९८० मध्ये कोलकाता आणि मुंबई येथील दोन व्यावसायिक संस्था एकत्र येऊन राष्ट्रीय कर्मचारी व्यवस्थापन संस्था झाली. १९८५ मध्ये केंद्रातील शिक्षण मंत्रालयालाच ‘मानव संसाधन विकास’ हे नाव मिळाले आणि ही संज्ञा घरोघरी पोहोचली. २०२० मध्ये मंत्रालयाचे नाव पुन्हा शिक्षण मंत्रालय झाले.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर बँका, माहिती तंत्रज्ञान आणि सेवा क्षेत्र यांत भरती वाढली. अभ्यासक्रमांत कामगार संघटना आणि सामूहिक सौदा यांची पाने कमी झाली, आणि नेतृत्व, प्रेरणा, कार्यमूल्यमापन यांची वाढली. हा बदल सर्वस्वी अनिष्ट होता असे म्हणता येणार नाही. व्यक्तीच्या गुणांचा विकास हा विचार मोलाचा आहे. पण या बदलात मुंबईचा गिरणी कामगार पुस्तकातून मागे सरला आणि विणकर व विडी कामगार तर आधीपासूनच बाहेर होते.

वडगावचे माग

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील वडगाव, खासबाग आणि शहापूर या वस्त्या विणकरांच्या म्हणून ओळखल्या जातात. हातमागाची जागा पुढे मोठ्या प्रमाणात यंत्रमागाने घेतली. अनेक घरांत पुढच्या खोलीत माग आणि मागे संसार, अशी मांडणी असते. कुटुंबातील पुरुष विणतो, स्त्रिया कांड्या भरतात, मुले शाळेतून आल्यावर हात लावतात.

मालक किंवा व्यापारी सूत देतो, विणकर साडी विणून परत करतो आणि नगामागे मजुरी घेतो. सूत कोणते, नक्षी कोणती, दर किती, हे विणकर ठरवत नाही. मात्र माग त्याच्या घरात आहे, म्हणून कागदोपत्री तो ‘स्वयंरोजगारी’ ठरतो. हजेरीपट नाही, म्हणून रजा नाही. मंदीत सूत मिळाले नाही तर त्याला कामावरून काढले असेही म्हणता येत नाही. भरतीपासून निवृत्तीपर्यंतच्या सर्व प्रक्रिया येथेही घडतात, परंतु त्या कोणत्याही नोंदवहीत उतरत नाहीत.

हे चित्र केवळ वडगावचे नाही. भिवंडी आणि मालेगाव येथील मोमीन विणकरांच्या वस्त्यांत त्याचीच मोठी आवृत्ती दिसते. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने देशातील मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारात असल्याचे नोंदवले. स्त्रियांत हे प्रमाण त्याहून अधिक होते. तंबाखू, कापड आणि तयार कपडे या उद्योगांतील त्यांचा मोठा वाटाही समितीने दाखवला. ‘स्वयंरोजगार’ हा शब्द ऐकायला स्वाभिमानाचा वाटतो. वडगावच्या मागावर त्याचा अर्थ तपासला म्हणजे त्यात मालक अदृश्य झालेला असतो, हे कळते.

निपाणीच्या वखारी आणि विड्या

निपाणी ही तंबाखूची बाजारपेठ. ६ एप्रिल १९८१ रोजी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर येथे गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मृत्युमुखी पडले, म्हणून हे गाव शेतकरी चळवळीच्या इतिहासात नोंदले गेले. त्याच सुमारास वखारींतील स्त्रियांचाही लढा चालू होता. तंबाखूच्या धुळीत दिवसभर चाळणे-निवडणे करणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या या स्त्रियांत दलित होत्या, मुस्लिम होत्या, परित्यक्ता आणि देवदासीही होत्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. छाया दातार यांनी या स्त्रियांच्या संघटनेचा अभ्यास केला आणि तो १९८९ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. दातार यांनी पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत स्त्री-अभ्यासाचे अध्यापन केले. ज्या संस्थेने गिरण्यांसाठी अधिकारी घडवले, तिच्याच दारी निपाणीच्या वखारीचा अनुभव अशा रीतीने पोहोचला.

कायद्याच्या दृष्टीने विडी कामगाराची कथा अधिक बोधप्रद आहे. विडी व सिगार कामगार अधिनियम १९६६ ने कच्चा माल घरी नेऊन विड्या वळणाऱ्या व्यक्तीलाही कामगार मानले आणि मध्ये कंत्राटदार असला तरी मूळ मालकाची जबाबदारी ओळखली. कारखानदारांनी या कायद्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये मंगलोर गणेश बीडी वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. छपराखाली डोकी मोजण्याच्या पद्धतीला येथे छेद गेला. माल कोण देतो आणि दर कोण ठरवतो, या प्रश्नाच्या उत्तरात मालक सापडतो, हे तत्त्व मान्य झाले.

१९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभा केला. त्यातून दवाखाने, घरबांधणीस साहाय्य आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या वेळी हा उपकर रद्द झाला. पण शिष्यवृत्तीसाठी आईजवळ विडी कामगाराचे ओळखपत्र हवे आणि ओळखपत्रासाठी तिचे नाव कोठेतरी नोंदलेले हवे. मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या वहीत नाव नसेल तर मुलाचे शिक्षण अडते. नोंद ठेवणे ही मनुष्यबळ व्यवस्थापनातील सर्वांत कंटाळवाणी बाब समजली जाते. निपाणीत मात्र वहीतील एका ओळीवर मुलीचे महाविद्यालय अवलंबून असते.

सीमेवरील वर्ग

निपाणीजवळील देवचंद महाविद्यालय १९६० मध्ये स्थापन झाले. ते अर्जुननगर येथे, म्हणजे महाराष्ट्राच्या कागल तालुक्यात आहे. निपाणीची मुले सीमा ओलांडून तेथे जातात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतात. बेळगावातील महाविद्यालये पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेली होती. २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ हे त्यांचे विद्यापीठ आहे.

अशा परिसरात कामगार कायद्यांचे अध्यापन गुंतागुंतीचे होते. किमान वेतनाचे दर प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते. त्यामुळे कागल आणि निपाणी यांच्यात काही किलोमीटरचे अंतर असले तरी सरकारी दर वेगळा आणि त्याचे परिपत्रकही वेगळ्या भाषेत. घरात मराठी किंवा उर्दू, कार्यालयात कन्नड आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी, अशा तीन पायऱ्या चढून विद्यार्थ्याला स्वतःच्या आईच्या हक्कापर्यंत पोहोचावे लागते. येथील शिक्षकाचे काम केवळ विषय शिकवणे हे नसून या भाषांमध्ये पूल बांधणे हेही आहे.

बदललेला कायदा आणि अध्यापन

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कारखाने अधिनियम आणि विडी कामगार अधिनियम हे दोन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावले गेले. कल्याण अधिकाऱ्यासाठीची ५०० ची मर्यादा २५० वर आली. त्याच वेळी कारखाना ठरण्याची मर्यादा मात्र विजेसह २० आणि विजेविना ४० अशी दुप्पट झाली. म्हणजे मोठ्या कारखान्यातील कामगाराला अधिकारी मिळण्याची शक्यता वाढली आणि लहान शेडमधील कामगार कारखान्याच्या व्याख्येपासून अधिक दूर गेला. जुनी पाठ्यपुस्तके वापरणाऱ्या शिक्षकांनी हा बदल आवर्जून सांगणे आवश्यक आहे.

कम्युनिटी कॉलेजची कल्पनाच मुळी स्थानिक गरज आणि स्थानिक रोजगार यांच्याशी जोडलेली आहे. १९९५ मध्ये पाँडिचेरी विद्यापीठाने असे महाविद्यालय सुरू केले आणि २०१३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. अशा संस्थांतील प्रमाणपत्र अभ्यासक्रमात पुढील तीन गोष्टी फारशा खर्चाविना करता येतील. एक, प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीतील एका उद्योगाची साखळी कागदावर मांडावी : माल कोण देतो, दर कोण ठरवतो, खराब म्हणून बाजूला काढलेल्या मालाचा तोटा कोण सोसतो. दोन, विडी कामगाराची नोंदवही आणि ओळखपत्राचा अर्ज वर्गात वाचावा व भरून पाहावा. तीन, भरती, हजेरी, रजा, भरपाई या संज्ञा प्रथम मराठी-उर्दूत समजावून मग इंग्रजी व कन्नड प्रतिशब्द द्यावेत.

समारोप

मनुष्यबळ व्यवस्थापनाचे पदवीनंतरचे शिक्षण मुकादमाच्या मनमानीला उत्तर म्हणून जन्मले. कायद्याच्या एका आकड्याने त्याला नोकरीची हमी दिली आणि त्याच आकड्याने त्याची दृष्टी मोठ्या कारखान्यापुरती मर्यादित केली. विषयाचे नाव बदलले तरी ही मर्यादा कायम राहिली. वडगावच्या मागावर आणि निपाणीच्या उंबऱ्यावर आजही भरती होते, दर ठरतात, माल नाकारला जातो आणि काम थांबते. तेथे मुकादम संपलेला नाही, त्याला आता कंत्राटदार म्हणतात इतकेच.

या घरांतून आलेले विद्यार्थी प्रमाणपत्र घेऊन उद्या कोल्हापूर, हुबळी किंवा पुण्यातील एखाद्या कचेरीत हजेरीपट सांभाळतील. तो पट भरताना, ज्यांची नावे कोणत्याही पटावर चढली नाहीत अशी माणसे आपल्याच घरात आहेत याचे भान त्यांना असेल, तर ते नोंद अधिक काळजीने ठेवतील. हे भान पाठ्यपुस्तक देत नाही. ते देण्याची जबाबदारी वर्गातील शिक्षकावरच येते.